नवी बॅटरी टाकली तरी लॅपटॉप चार्ज होत नाही? पुन्हा स्क्रू उघडण्याआधी हे क्रमाने तपासा

बॅटरी बदलली, झाकण लावलं, चार्जर जोडला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तेच वाक्य: 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग'. आता बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण बॅटरी डुप्लिकेट निघाली म्हणून विक्रेत्याशी भांडायला लागतात. बाकीचे लगेच स्क्रू काढून पुन्हा लॅपटॉप उघडतात. दोन्हीत घाई होते, आणि दुसऱ्या प्रकारात चांगला कनेक्टर (बॅटरी बोर्डाला जोडणारा भाग) मोडून बसण्याची पाळी येते.

चार्जिंग म्हणजे चार्जरमधून बॅटरीत वीज ओतणं, एवढं सरळ ते नसतं. लॅपटॉपच्या बोर्डावर एक छोटा नियंत्रक असतो. चार्जर किती वॅटचा आहे हे तो विचारतो. बॅटरीत स्वतःचा सर्किट बोर्ड असतो, त्याला तो व्होल्टेज, तापमान आणि ओळख विचारतो. दोघांकडून समाधानकारक उत्तर आलं तरच तो चार्जिंग सुरू करतो. त्यामुळे 'चार्ज होत नाही' याचा अर्थ बहुधा 'परवानगी मिळत नाही' असा असतो. परवानगी कुणामुळे अडली हे न बघता बॅटरीच बदलत बसणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

हा लेख विंडोज लॅपटॉपसाठी आहे. मॅकबुकची रचना आणि पायऱ्या दोन्ही वेगळ्या आहेत.

आधी लक्षण नेमकं लिहून घ्या

'चार्ज होत नाही' या एका वाक्यात निदान पाच वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. कागद घ्या आणि यातलं तुमचं कोणतं ते लिहा.

बॅटरीच्या चिन्हावर फुली आहे किंवा 'नो बॅटरी' असं दिसतं: लॅपटॉपला बॅटरी दिसतच नाही. संशय कनेक्टरवर.

टक्का दिसतो, पण ५५, ६०, ८० अशा आकड्यावर थांबला आहे: बहुधा बिघाड नाहीच. टप्पा २ वाचा.

टक्का ० आहे आणि तासभर हलत नाही: बॅटरी गोदामात पडून फार उतरली असेल, किंवा तिचं संरक्षण सर्किट अडून बसलं असेल.

लॅपटॉप बंद असताना चार्ज होतो, चालू केला की थांबतो: बहुधा चार्जरचे वॅट कमी पडतात.

चार्जर काढला की लॅपटॉप क्षणात बंद होतो, किंवा चार्जर लावूनही सुरू होत नाही: हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात बहुधा बॅटरी नीट जोडलेली नाही. दुसऱ्यात चार्जरकडून वीजच येत नाही, आणि तिथे नव्या बॅटरीचा संबंध असेलच असं नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवा. बॅटरी ९५ टक्क्यांच्या वर असेल तर बरेच लॅपटॉप मुद्दाम चार्जिंग सुरू करत नाहीत. ९७ वर 'नॉट चार्जिंग' दिसत असेल तर चार्जर काढा, ९० पर्यंत उतरू द्या आणि मग बघा.

तयारी

फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर किंवा फोनमध्ये उतरवून घ्या. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा लॅपटॉपचा मूळ सेटिंगचा पडदा, तिथे कसं जायचं ते टप्पा ३ मध्ये) काही बदललं किंवा वीज पूर्ण तोडली, तर पुढच्या वेळी लॅपटॉप ती मागू शकतो. ती जवळ नसेल तर चार्जिंग बाजूला राहतं आणि डेटा अडकतो.

जुनी बॅटरी भंगारात दिलेली नसावी. टप्पा ८ मध्ये ती लागणार आहे.

बारीक फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, एक जुनं एटीएम कार्ड, झूम होणारा फोनचा कॅमेरा आणि शक्य असेल तर त्याच वॅटचा दुसरा चार्जर, एवढं जवळ ठेवा. मल्टिमीटर नसला तरी चालेल.

सावधान: जुनी किंवा नवी बॅटरी फुगलेली दिसली, गोडसर रासायनिक वास आला, किंवा हात ठेववणार नाही इतकी तापली, तर पुढचं काही करू नका. चार्जर काढा आणि लॅपटॉप गादीवरून उचलून फरशीवर ठेवा. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, आणि 'एकदा चार्ज करून बघू' म्हणून परत लावायचीही नाही.

टप्पा १: भिंतीपासून चार्जरच्या पिनपर्यंत

एक्स्टेंशन बोर्ड आणि इन्व्हर्टर वगळून चार्जर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. तिथे आधी फोन चार्ज होतो का ते पाहा. मग चार्जरच्या डब्यात जाणारी तीन पिनची केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. ही केबल अर्धवट सुटलेली असते, आणि बॅटरी बदलताना सगळं हलवल्यामुळे आणखी सुटते. डब्यावर दिवा असेल तर तो पेटला पाहिजे. दिवा आधी पेटतो आणि पिन लॅपटॉपला लावताच विझतो, असं असेल तर चार्जर खराब आहे किंवा लॅपटॉपच्या आत शॉर्ट आहे. थांबा, चार्जर काढून ठेवा आणि दुसऱ्या चार्जरने एकदाच पाहा. तोही विझला तर सरळ दुरुस्तीला.

आता चार्जरवरचं लेबल वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. डेलचा ६५ वॅटचा चार्जर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअरचा असतो. लेनोवोचा २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर, आणि एसरचा १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर. तुमच्या लॅपटॉपला ६५ लागत असतील आणि घरातला ४५ चा चार्जर लावला असेल, तर लॅपटॉप चालतो पण बॅटरीसाठी काही उरत नाही. अँपिअर जास्त असलेला चार्जर चालतो, कारण लॅपटॉप त्याला हवं तेवढंच घेतो. व्होल्टेज मात्र लॅपटॉपच्या तळाशी किंवा मूळ चार्जरवर छापलंय तेच हवं.

डेल आणि एचपीच्या गोल पिनच्या मधोमध एक बारीक सुई दिसते. ती वीज नेत नाही, चार्जरची ओळख सांगते. ती वाकली किंवा आतली तार तुटली की लॅपटॉप चालतो पण ओळख पटत नाही म्हणून बॅटरी चार्ज होत नाही, आणि पुष्कळदा लॅपटॉप संथही होतो. सुई सरळ आहे का ते फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून पाहा. मल्टिमीटरने व्होल्टेज मोजताना टोक या सुईला लागू देऊ नका. ओळखीची चिप मारायला तेवढं पुरतं.

टाइप-सीचा मामला वेगळा आहे. फोनचा १८ किंवा २० वॅटचा चार्जर बहुधा ९ व्होल्टपर्यंतच जातो. बहुतेक लॅपटॉपना २० व्होल्ट लागतात. प्रत्येक टाइप-सी पोर्ट चार्जिंगसाठी असतोच असं नाही, पोर्टशेजारी विजेचं किंवा प्लगचं चिन्ह शोधा. केबलही बघा: ६० वॅटच्या वर जायचं तर ५ अँपिअरची केबल लागते, फोनबरोबर आलेली साधी केबल तिथे कमी पडते. आणि टाइप-सी चार्जरवर मल्टिमीटर लावून '५ व्होल्टच येतायत, चार्जर गेला' असा निष्कर्ष काढू नका. समोर लॅपटॉप मागणी करत नाही तोवर तो २० देतच नाही.

तपासा: लॅपटॉपला गोल पिन आणि टाइप-सी अशा दोन्ही बाजूंनी चार्जिंग होत असेल, तर दोन्ही लावून बघा, एका वेळी एक. टाइप-सीवरून चार्ज झाला आणि गोल पिनवरून नाही, तर तुमची नवी बॅटरी निर्दोष सुटली. दोष चार्जरमध्ये किंवा पिन जिथे बसते त्या जॅकमध्ये आहे. अख्ख्या तपासणीतली ही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे, आणि ती कुणी करत नाही.

टप्पा २: चार्जिंगवर मर्यादा लावलेली आहे का

इथे माझी एक संध्याकाळ गेली आहे. भाच्याच्या लॅपटॉपला नवी बॅटरी टाकली, ती ८० वर थांबली. मी दोनदा उघडून कनेक्टर बसवला, विंडोजमधले ड्रायव्हर (बॅटरीशी बोलणारी छोटी सॉफ्टवेअर) काढले, घातले. शेवटी त्याची आई म्हणाली, "अरे, तो नेहमी ८० लाच थांबायचा." काखेत कळसा.

बॅटरी जास्त टिकावी म्हणून कंपन्या ही मर्यादा देतात, आणि ती बॅटरीत नाही तर लॅपटॉपमध्ये साठवलेली असते. बॅटरी बदलली तरी ती तशीच राहते.

लेनोवो व्हँटेज ॲपमध्ये 'कॉन्झर्व्हेशन मोड' शोधा. जुन्या मॉडेलांत तो ६० च्या आसपास थांबवतो, नव्यांत ८० च्या आसपास. आसूसच्या मायआसूस ॲपमध्ये 'बॅटरी केअर' किंवा 'बॅटरी हेल्थ चार्जिंग' असतं, ते ८० किंवा ६० वर थांबवतं. एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत ही सोय बायोसमध्ये 'बॅटरी हेल्थ मॅनेजर' नावाने असते. डेलमध्ये बायोसमध्ये किंवा डेलच्या पॉवर ॲपमध्ये 'प्रायमरीली एसी यूज' आणि 'कस्टम' असे पर्याय दिसतात. एसरच्या केअर सेंटरमध्ये ८० ची मर्यादा असते.

खरी गंमत 'कस्टम'मध्ये आहे. त्यात दोन आकडे असतात: कुठे थांबायचं आणि कुठून सुरू करायचं. समजा सुरुवातीचा आकडा ५० आहे. नवी बॅटरी कारखान्यातून अर्धवट भरून येते, समजा ५५ टक्के. मग लॅपटॉप चार्जिंग सुरूच करणार नाही, कारण त्याच्या मते बॅटरी अजून ५० च्या खाली गेलेलीच नाही. लेनोवोच्या थिंकपॅडमध्येही असेच दोन आकडे ठेवता येतात. जुनी बॅटरी कायम चार्जरवर असल्यामुळे ही सेटिंग कधी लक्षात आलेली नसते, आणि नवी बॅटरी टाकली की ती अचानक बिघाडासारखी दिसते.

तपासणीपुरती सगळी मर्यादा काढा, 'स्टँडर्ड' किंवा १०० टक्के ठेवा, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि १५ मिनिटं बघा.

टप्पा ३: बायोसला विचारा

सगळ्या तपासणीचा चौक इथे आहे. विंडोज काय सांगतं यापेक्षा बायोस काय सांगतं ते महत्त्वाचं, कारण तिथे ड्रायव्हर आणि ॲप यांचा गोंधळ नसतो.

लॅपटॉप पूर्ण बंद करा. 'पूर्ण' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. विंडोजचं साधं 'शट डाउन' बहुधा अर्धवट झोपवतं. शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' करा. मग चार्जर लावा, बटण दाबा आणि लगेच कळ दाबत राहा: डेल, आसूस, एसर आणि लेनोवोच्या आयडियापॅडवर एफ२, थिंकपॅडवर एफ१, एचपीवर एफ१०. एचपीवर एस्केप दाबून मग एफ२ घेतलं की हार्डवेअर तपासणीचा पडदा येतो, त्यात बॅटरीची वेगळी चाचणी आहे. डेलवर एफ१२ च्या यादीत 'डायग्नॉस्टिक्स' मिळतं.

बॅटरीचा आणि चार्जरचा उल्लेख कुठे आहे ते शोधा. मग यातलं काय लागू पडतं ते पाहा.

क) चार्जर 'अननोन' किंवा 'नॉट इन्स्टॉल्ड' आहे, किंवा वॅट चुकीचे दिसतात. दोष चार्जर, पिन किंवा जॅकचा. टप्पा १ पुन्हा, दुसऱ्या चार्जरसह. बॅटरीला हात लावू नका.

ख) चार्जर बरोबर दिसतो, बॅटरी दिसत नाही. टप्पा ४ करून थेट टप्पा ६.

ग) दोन्ही बरोबर, आणि लॅपटॉप बंद ठेवला किंवा बायोसमध्ये असला की टक्का वाढतो, फक्त विंडोजमध्ये वाढत नाही. टप्पा ५. पण आधी चार्जरचे वॅट पुन्हा मोजा, कमी वॅटचंही हेच लक्षण आहे.

घ) दोन्ही दिसतात, तरी टक्का कुठेच वाढत नाही. टप्पा ४, मग टप्पा ७.

काही बायोसमध्ये आकडा आपोआप बदलत नाही. १५ मिनिटांनी बाहेर पडून पुन्हा आत या आणि मग तुलना करा.

थिंकपॅडवर एक विशेष सूचना येऊ शकते. बसवलेली बॅटरी या यंत्राला मान्य नाही आणि ती चार्ज होणार नाही, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य सुरू होतानाच दिसतं. ते दिसलं तर पुढचे टप्पे करून वेळ घालवू नका. बॅटरी ओळख-तपासणीत नापास झाली आहे. ती परत करून कंपनीने मान्य केलेली घ्या.

टप्पा ४: उरलेली वीज काढून टाका

बॅटरी बदलल्यावर नियंत्रकाच्या डोक्यात कधीकधी जुन्या बॅटरीची माहिती अडकून राहते. तो रीसेट करायचा.

१. शिफ्टसह शट डाउन करा. चार्जर, माउस, पेनड्राइव्ह सगळं काढा.

२. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा. आतली असेल आणि खाली टाचणी जाईल एवढं रीसेटचं भोक असेल (एसर आणि लेनोवोच्या काही मॉडेलांत असतं, शेजारी बॅटरीचं किंवा बाणाचं चिन्ह), तर त्यात पेपर क्लिपचं सरळ केलेलं टोक घालून हलकेच ५ ते १० सेकंद दाबा. माइकच्या भोकात घालू नका, चिन्ह नसेल तर काहीच घालू नका.

३. पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा.

४. एक-दोन मिनिटं थांबा. बॅटरी काढली असेल तर परत लावा. मग फक्त चार्जर जोडा. लॅपटॉप लगेच सुरू करू नका.

५. अर्धा तास तसाच राहू द्या, चार्जिंगचा दिवा बघा.

अर्ध्या तासाचं कारण आहे. फार उतरलेल्या लिथियम बॅटरीला सुरुवातीला अगदी कमी करंट दिला जातो. तेव्हा टक्का ० वरच दिसतो. या काळात दहा वेळा पिन काढून-घालून तुम्ही ती प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू करता.

आणखी एक: काही नव्या बॅटऱ्या वाहतुकीसाठी 'झोपवलेल्या' येतात, आणि थिंकपॅडमध्ये बदलण्याआधी बायोसमधून 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' केलेलं असतं. दोन्ही प्रकरणांत नुसतं पॉवर बटण दाबून काहीही होत नाही. चार्जर जोडल्यावरच ती जागी होते. 'नवी बॅटरी टाकल्यावर लॅपटॉप मेला' अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा हे करून पाहा.

टप्पा ५: विंडोजमधली नोंद पुसा

डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'बॅटरीज' विस्तारा. 'मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी' असं लांबलचक नाव दिसेल. त्यावर उजवं क्लिक करून 'अनइन्स्टॉल' करा आणि रीस्टार्ट करा. विंडोज तो ड्रायव्हर स्वतः परत घालतं. इंटरनेटवरून 'बॅटरी ड्रायव्हर' म्हणून मिळणारी फुकट सॉफ्टवेअर घेऊ नका, त्यांची गरज नाही.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये बॅटरीचा अहवाल काढा. आज्ञा अशी: powercfg /batteryreport (मधे एकच मोकळी जागा). अहवाल कुठे साठवला ते खालच्या ओळीत दिसतं, तो ब्राउझरमध्ये उघडतो.

त्यात तीन गोष्टी बघा. 'डिझाइन कपॅसिटी' मिलीवॅट-तासांत असते. बॅटरीवर ४२ वॅट-तास छापलं असेल तर इथे ४२,००० च्या जवळचा आकडा हवा. 'फुल चार्ज कपॅसिटी' नव्या बॅटरीत त्याच्या आसपास असावी. आणि 'सायकल काउंट', म्हणजे बॅटरी किती वेळा वापरून भरली तो आकडा: नवी म्हणून घेतलेल्या बॅटरीत तो तीन आकडी असेल, तर ती नवी नाही. स्वस्त बॅटऱ्यांत हा आकडा कोराच असतो, त्यामुळे कोरा आकडा म्हणजे नवेपणाचा पुरावा समजू नका.

टप्पा ६: उघडून कनेक्टर पाहा

इथवर आल्यावरच झाकण उघडायचं. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीला विचारा.

१. शिफ्टसह शट डाउन, चार्जर बाहेर, पॉवर बटण १५ सेकंद दाबा.

२. स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपची चौकट काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात गेला की टचपॅडवर किंवा बोर्डावर टेकतो. रबरी पायांखालीही स्क्रू लपलेले असतात. जोर लावूनही झाकण निघत नसेल तर एक स्क्रू राहिला आहे.

३. एटीएम कार्ड बिजागरीच्या बाजूने सरकवा, क्लिपा एकेक सोडवा. लोखंडी पट्टी किंवा स्क्रू-ड्रायव्हर झाकणाच्या फटीत घालू नका.

४. आतल्या धातूच्या चौकटीला हात लावून अंगातली स्थिर वीज काढा. मग कुठल्याही तारेला हात लावण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढा.

बहुतेक चुका याच एका कनेक्टरवर होतात. तो तीन प्रकारांत येतो. काही आडवे सरकवून बसतात, काही वरून दाबून 'टक्' करून बसतात, आणि काहींवर तारेची छोटी कडी असते, ती आधी उचलावी लागते. आडव्याला वर ओढलं किंवा दाबायच्याला आडवं ओढलं, की बोर्डावरची बैठक उखडते. कसा आहे हे कळलं नाही तर कॅमेऱ्याने झूम करून फट कोणत्या बाजूला आहे ते पाहा. कधीही तारा धरून ओढू नका, प्लास्टिकचा भाग दोन्ही टोकांनी धरून थोडा थोडा हलवत काढा. काही एचपी मॉडेलांत तारच नसते, बॅटरीच सरळ बोर्डावरच्या कनेक्टरवर बसते.

आता नीट पाहा. एखादी पिन वाकली आहे का, काळी पडली आहे का, मधे धूळ किंवा चिकटपट्टीचा तुकडा आहे का. कनेक्टरमधल्या जाड तारा वीज नेतात, बारीक तारा माहिती. बारीक पिनांपैकी एक जरी टेकली नाही, तरी लॅपटॉपला बॅटरी दिसत नाही. म्हणून 'बसलाय की' असं बोटाला वाटणं पुरेसं नाही. दोन्ही टोकं सारख्याच खोलीला गेली पाहिजेत. एक कोपरा कागदभर वर राहिला तरी खेळ खल्लास, आणि नेमका तो कोपरा आपल्या हाताच्या सावलीत असतो.

बॅटरीच्या खाली जुन्या बॅटरीचा डिंक, दुहेरी टेपचे तुकडे राहिलेत का पाहा. ते असले की बॅटरी तिरकी बसते आणि कनेक्टरवर ताण येतो. शेवटी चार्जिंग जॅकची तार बघा. अनेक मॉडेलांत ती बॅटरीच्या कडेने जाते आणि बॅटरी काढताना निसटते किंवा चिरडते. बॅटरी बदलल्यावर चार्जर 'गेला' असं वाटण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

सावधान: बॅटरीच्या कनेक्टरमध्ये मल्टिमीटरची जाड टोकं घालू नका. शेजारच्या दोन पिना जोडल्या गेल्या तर बॅटरीतला फ्यूज उडतो. शिवाय बाहेर काढलेल्या बऱ्याच बॅटऱ्या शून्य व्होल्टच दाखवतात, कारण लॅपटॉपला जोडल्याशिवाय त्यांचं सर्किट वीज बाहेर सोडत नाही. शून्य म्हणजे मेलेली, असं नाही.

तपासा: कनेक्टर बसवून झाकण ठेवा, चार कोपऱ्यांचे स्क्रू लावा आणि बायोसमध्ये पुन्हा पाहा. सगळे बारा स्क्रू घट्ट करून मग 'अजून नाही' असं कळणं वैतागाचं असतं.

टप्पा ७: लेबलं शेजारी ठेवा

जुन्या आणि नव्या बॅटरीच्या लेबलांचे फोटो घ्या आणि ताडून पाहा. ऑनलाइन यादीत 'तुमच्या मॉडेलला बसते' असं लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. त्या मॉडेलच्या नावाखाली दोन-तीन वेगळ्या बॅटऱ्या असू शकतात. एचपीच्या १५ इंची काही लॅपटॉपांसाठी जेसी०३ आणि जेसी०४ अशा दोन बॅटऱ्या मिळतात. नावातला शेवटचा आकडा सेलची (बॅटरीतल्या सुट्या घटांची) संख्या सांगतो: पहिली १०.९५ व्होल्ट, सुमारे ३१ वॅट-तास, दुसरी १४.६ व्होल्ट, सुमारे ४१ वॅट-तास. बाहेरून बघून हे कळत नाही.

१०.८, ११.१, ११.४, ११.५५ हे सगळे तीन सेलच्या कुळातले आकडे. ७.४ ते ७.७ म्हणजे दोन सेल, १४.४ ते १५.४ म्हणजे चार सेल. कूळ बदललं तर बॅटरी परत करा. कुळातल्या कुळात थोडा फरक असेल तर पार्ट नंबर तोच आहे का बघा, तो निर्णायक.

भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते: आयएस १६०४६ हे मानक आणि इंग्रजी 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. चार्जरवरही अशीच नोंदणी लागते. लेबलवर हे नसेल, आणि वॅट-तासांऐवजी नुसता भलामोठा मिलीअँपिअरचा आकडा असेल, तर मी ती बॅटरी लावणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, पैसे देण्याआधी लेबल वाचायला दोन मिनिटं लागतात. बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या.

टप्पा ८: जुनी बॅटरी परत लावा

जुनी फुगलेली किंवा गळकी नसेल तरच. ती लावून बायोसमध्ये पाहा. ती दिसली आणि थोडी का होईना चार्ज झाली, तर लॅपटॉप आणि चार्जर ठीक आहेत, दोष नव्या बॅटरीत. विक्रेत्याला दाखवायला त्या पडद्याचा फोटो घ्या. जुनीही दिसत नसेल, पण बदलण्याआधी दिसत होती, तर बदलताना काहीतरी दुखावलं: कनेक्टर, जॅकची तार किंवा बोर्डावरचा चार्जिंगचा भाग. अशा वेळी तिसरी बॅटरी विकत घेऊ नका.

बायोस अपडेट हा उपाय मी शेवटी ठेवतो. काही वेळा त्याने नव्या बॅटरीची ओळख पटते. पण अपडेटसाठी चार्जर आणि बॅटरीत थोडा चार्ज असे दोन्ही लागतात. बॅटरी दिसत नसताना आडवाटेने अपडेट लादलं आणि मधेच वीज गेली, तर लॅपटॉप सुरूच होणार नाही. पावसाळ्यात तर नकोच.

दुरुस्तीला नेताना काय सांगायचं

'चार्ज होत नाही' एवढंच सांगितलं तर दुकानदार पहिल्यांदा बॅटरीच बदलायला सांगेल, त्याच्या जागी तुम्हीही तेच सांगाल. त्याऐवजी असं सांगा: बायोसमध्ये चार्जर ६५ वॅटचा दिसतो, नवी आणि जुनी दोन्ही बॅटऱ्या दिसत नाहीत, टाइप-सीवरूनही नाही, कनेक्टर पुन्हा बसवून पाहिला. यावरून तो थेट बोर्डाकडे वळतो. खर्चाचा अंदाज उघडण्याआधी विचारा. जॅक तारेवर असेल तर तो बदलणं सोपं काम आहे. बोर्डावर डाग देऊन बसवलेला असेल किंवा चार्जिंगची चिप गेली असेल, तर चिप-लेव्हल काम (बोर्डावरचे बारीक भाग बदलण्याचं काम) करणाऱ्याकडेच न्या.

चार्ज व्हायला लागल्यावर

पहिल्यांदा ८ तास चार्ज करायची गरज नाही, तो सल्ला जुन्या निकेल बॅटऱ्यांच्या काळातला. एकदा १०० पर्यंत भरा, नेहमीसारखं वापरून १० टक्क्यांपर्यंत उतरू द्या, पुन्हा भरा. तेवढ्याने टक्क्यांचा अंदाज जुळतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडा ४० वरून एकदम ३२ वर आला तर घाबरू नका. मग टप्पा २ मध्ये काढलेली मर्यादा परत लावा.

जुनी बॅटरी आठवडाभर ठेवा. नंतर तिच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावा आणि ती सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. घंटागाडीत टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत ती दाबली जाते आणि तिथे पेट घेऊ शकते.